‘ग्रँड कॅनियन’ म्हणजे नेमका कुठला, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आईबाबा मे महिन्यात येणार, लास वेगासला चार रात्री, बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात, आणि टूरवाला म्हणतोय की ग्रँड कॅनियन एका दिवसात आरामात होतं, आजच बुक करा. २०१८च्या मे महिन्यात मी अगदी ह्याच जागी होते. मलाही हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

गाडी भाड्याने घेणं, हॉटेल निवडणं ह्यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. मी ह्या धंद्यातली नाही, डॉक्टरही नाही. दर आणि नियम बदलत राहतात, तेव्हा आकडे स्वतः एकदा तपासून घ्या. पण एक गोष्ट मात्र मी अगदी ठामपणे सांगणार आहे.

वेगासमध्ये ‘ग्रँड कॅनियन’ ह्या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या जागा विकल्या जातात. एक वेस्ट रिम (रिम म्हणजे दरीचा काठ). ती वेगासहून साधारण १३० मैल, अडीच तास. दुसरी साउथ रिम, म्हणजे लहानपणापासून पुस्तकांत आणि कॅलेंडरांवर पाहिलेलं राष्ट्रीय उद्यान. ती साधारण २८० मैल, जायलाच साडेचार तास. ह्या दोन जागांमध्येही रस्त्याने जवळजवळ चार तासांचं अंतर आहे, त्यामुळे एकीकडे गेल्यावर ‘चला, दुसरीही बघून येऊ’ असं होत नाही. वेस्ट रिम राष्ट्रीय उद्यानात येतच नाही. ती वालापाई ह्या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे, तिकीट त्यांचं वेगळं आणि माणशी, आणि उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. मी ८० डॉलरचा पास मोठ्या हौसेने घेऊन गेले होते.

आता माझी चूक सांगते. माझे बाबा साताऱ्याकडच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होते. नदीचं खनन कार्य शिकवताना फळ्यावर घळईची आकृती काढायची आणि कोलोरॅडो नदीचं नाव घ्यायचं, हे त्यांनी दरवर्षी केलं. अमेरिकेला यायचं ठरल्यावर त्यांनी एका वहीत ग्रँड कॅनियनमधल्या शिखरांची नावं लिहून आणली होती : विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात तिथल्या शिखरांना अशी पूर्वेकडची नावं द्यायला सुरुवात केली. तळाशी जो अतिप्राचीन खडक उघडा पडलाय, साधारण १७० कोटी वर्षांपूर्वीचा, त्यालाही विष्णू शिस्ट म्हणतात. आईला ह्या नावांचं फार अप्रूप. एवढ्या लांब विष्णू कसा पोचला, हे ती सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत होती. ही शिखरं दिसतात ती साउथ रिमवरून.

आणि मी न्यू जर्सीहून फोनवर बुकिंग करताना काय विचारलं? किती तास लागतील आणि किती पैसे. कुठली रिम, हे विचारलंच नाही. समोरच्याला मी स्वतः म्हणाले होते की वडील भूगोलाचे शिक्षक आहेत, त्यांना ती शिखरं बघायची आहेत. उत्तर आलं, ‘हो हो, सगळं तेच आहे, दिसेल.’ पावतीवर वेस्ट हा शब्द छापलेला होता. तो माझ्या डोळ्यांखालून गेला आणि कॅनियन वेगासच्या पश्चिमेला असेल असं काहीतरी मी मनाशी धरलं. खरं तर ते पूर्वेला आहे.

बसमध्ये बाबा मांडीवर कागदी नकाशा पसरून बसले होते. हूवर धरणाजवळचा पूल ओलांडला, ९३ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालो, तोपर्यंत दोन्ही ठिकाणांचा रस्ता एकच आहे. पुढे किंगमन, तिथून विल्यम्स, मग उत्तरेला वळायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. किंगमनच्या बरंच अलीकडे बस डावीकडे डोलन स्प्रिंग्जच्या दिशेने वळली. बाबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘आपण किंगमनला नाही जात?’ मी ड्रायव्हरला विचारायला उठले आणि उत्तर ऐकून परत येऊन बसले, तेव्हा बाबांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, ‘असू दे, ही जोशुआची झाडं बघ किती सुंदर आहेत.’ मला तेव्हा ओरडा खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

वेस्ट रिमवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. तोही खराच ग्रँड कॅनियन आहे, कोलोरॅडोचाच काठ आहे. ग्वानो पॉइंटवर उभं राहिलं की नदी स्वच्छ दिसते, आणि पर्यटनाचा पैसा त्या जमातीकडे जातो ही मला चांगलीच गोष्ट वाटते. २००७ साली उघडलेला काचेचा स्कायवॉक काठाच्या ७० फूट बाहेर गेलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यावर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवायला लावले होते. हेलिकॉप्टरने थेट दरीच्या तळाशी उतरायचं असेल तर ते ह्याच बाजूला होतं, राष्ट्रीय उद्यानात तशी परवानगी नाही. ज्यांना हे हवंय त्यांनी खुशाल जावं. फक्त ज्याला विष्णू टेंपल बघायचंय त्याला ‘सगळं तेच आहे’ म्हणून तिथे पाठवू नये.

परत आल्यावर मी त्या बुकिंग कार्यालयाला फोन केला. ते म्हणाले, आम्ही फक्त विकतो, टूर चालवणाऱ्यांशी बोला. टूर चालवणारे म्हणाले, तुमचं बुकिंग एजंटमार्फत आहे, एजंटशी बोला. असे सहा फोन झाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून. मग एक फॉर्म भरून मागितला, तो भरला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की पावतीवर ठिकाण लिहिलेलं होतं, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत, पण पुढच्या टूरवर सवलत देऊ. पुढची टूर कोण करणार होतं? आईबाबा तोवर साताऱ्याला पोचले होते. मला पैशांपेक्षा एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी फोनवर जे तोंडी सांगितलं ते चुकीचं होतं, एवढं कोणीतरी कबूल करावं. ते शेवटपर्यंत कोणी केलं नाही. म्हणून सांगते, तोंडी आश्वासनाला शून्य किंमत द्या. ‘ही टूर साउथ रिमच्या राष्ट्रीय उद्यानात जाते, मेदर पॉइंटला थांबते’ असं ईमेलवर लिहून घ्या (मेदर पॉइंट म्हणजे साउथ रिमवरून दरी बघायची एक जागा). लिहून द्यायला खळखळ करत असतील तर तिथे पैसे भरू नका.

आता तुमच्या चार रात्रींबद्दल माझं मत. काहींना पटणार नाही, चालेल. साउथ रिम बसने एका दिवसात होते, पण पहाटे निघून रात्री परत, चौदा-पंधरा तासांचा दिवस, आणि प्रत्यक्ष काठावर तीनेक तास. तिशीतल्या माणसाने करावं. त्र्याहत्तराव्या वर्षी नऊ तास बसमध्ये आणि दुखरे गुडघे, हे मला पटत नाही. चारपैकी एक रात्र वेगासमधून काढून साउथ रिमच्या वाटेवरच्या विल्यम्स किंवा तुसायान ह्या गावात टाका. संध्याकाळचा आणि सकाळचा असा दोन्ही वेळचा उजेड दरीवर बघायला मिळतो. काठ समुद्रसपाटीपासून ७००० फुटांवर आहे, त्यामुळे मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो आणि चालताना दम लागू शकतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उंची आणि कोरडी हवा दोन्हींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. काठावरून मोफत बस फिरतात आणि बराच रस्ता सपाट, डांबरी आहे. यावापाई संग्रहालयापासून गावाकडे जाणारी ‘ट्रेल ऑफ टाइम’ अजिबात चुकवू नका. त्यात एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि वाटेवर त्या त्या काळातले खडक हात लावून बघायला ठेवलेत. तुमच्या बाबांना भूगोलात रस नसला तरी आवडेल.

पैशांबद्दल एक नवी गोष्ट. २०२६पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना ग्रँड कॅनियन, झायन अशा ११ मोठ्या उद्यानांत वार्षिक पास नसेल तर माणशी १०० डॉलर जास्तीचे आहेत, आणि त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. म्हणजे तुमच्या आईबाबांना हे लागू. टूरच्या किमतीत हे धरलंय का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

बाकीच्या दिवसांसाठी सगळ्यांत समाधानाची सहल म्हणाल तर व्हॅली ऑफ फायर. वेगासपासून ५० मैल, नेवाडाचं सगळ्यांत जुनं राज्य उद्यान, लालभडक वालुकाश्म आणि खडकांवर कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. बरंचसं गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटं चालून बघता येतं. उद्यान राज्याचं असल्याने केंद्राचा पास इथेही चालत नाही. कडक उन्हाळ्यात काही पायवाटा बंद ठेवतात. सकाळी सातला निघा, अकराच्या आत परत फिरा. आमच्या सहलीतला आईचा सगळ्यांत आनंदाचा दिवस हाच होता. गाडीत बसून धपाटे आणि दही खाल्लं आणि ती म्हणाली, हा दगड जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा उजळतो.

रेड रॉक कॅनियन तर शहराला लागूनच आहे, १३ मैलांचा एकेरी रस्ता, गाडीतूनच फिरायचं. पण मे अखेरपर्यंत वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. ते न करता आलेल्या गाड्या फाटकावरून परत पाठवताना मी पाहिल्यात.

हूवर धरण अर्ध्या दिवसात होतं. ७२६ फूट उंच, १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते लोकार्पण. धरण नेवाडा आणि ॲरिझोना ह्या दोन राज्यांच्या सीमेवर आहे, त्याच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाच्या वेळेचं आणि एक ॲरिझोनाच्या. ह्यावरून आठवलं : ग्रँड कॅनियन ॲरिझोनात आहे आणि ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून मे महिन्यात तिथली आणि वेगासची वेळ एकच असते, हिवाळ्यात मात्र एक तासाचा फरक पडतो. झायनला जाल तर ते युटामध्ये आहे, तिथे वर्षभर एक तास पुढे. सकाळी निघतानाच तो तास गेला असं धरा.

डेथ व्हॅलीला तुम्ही मे महिन्यात नेऊ नका, हे मी विनवणीने लिहितेय. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. १९१३च्या जुलैमध्ये ह्याच खोऱ्यात ५६.७ अंश सेल्सियस नोंदलं गेलं. मे अखेरीला चाळिशी ओलांडणं तिथे नेहमीचं आहे आणि कित्येक मैल फोनला रेंज नसते. आमच्या विदर्भातल्या मावशीला ऊन नवं नाही, तरी फेब्रुवारीत नेलं तेव्हाच खरं बघता आलं.

टूर घ्यायचीच ठरली तर अजून दोन छोट्या गोष्टी. बस हॉटेलच्या पुढच्या दारात येत नाही, मागच्या बाजूच्या टूर लॉबीत येते, आणि मोठ्या हॉटेलात तिथवर चालतच पंधरा मिनिटं जातात. आदल्या संध्याकाळी आईला घेऊन ती जागा बघून या. जेवणाच्या डब्यात बहुतेक वेळा टर्की किंवा हॅम असतं, शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या आणि तरीही दशम्या, चिवडा बरोबर ठेवा.

माझ्या बाबांना नंतर पुन्हा येणं जमलं नाही. २०२३मध्ये मी मुलाला घेऊन साउथ रिमला गेले आणि मेदर पॉइंटवरून काढलेले फोटो त्यांना पाठवले. त्यांनी ते छापून घेतले, त्यावर पेनाने बाण काढून विष्णू टेंपल कुठलं, ब्रह्मा टेंपल कुठलं ते लिहिलं आणि त्याचा फोटो मला परत पाठवला. मी ज्या शिखराला विष्णू समजत होते ते वेगळंच निघालं.

तुमच्या बाबांना आजच फोन करून विचारा, ग्रँड कॅनियन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय येतं. दरी, काचेचा पूल, हेलिकॉप्टर, काहीही असेल. मग तारखा आणि टूरवाल्याने पाठवलेला कागद, नावगाव झाकून, इथे टाका. मी रात्री बघते आणि ती कुठली रिम आहे ते सांगते.