खर्च तिघांचा ठरला, भरला एकानं

सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. आई 71 वर्षांची, स्तनाचा कर्करोग. छत्रपती संभाजीनगरच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, आतापर्यंत 6 लाख 40 हजार गेले. वडील हयात नाहीत. थोरला भाऊ पुण्यात कंपनीत, बहीण जालन्याला दिलेली. होळीला मामांच्या घरी बैठक बसली आणि ‘जो खर्च होईल तो तिघांत’ असं ठरलं. भावानं 75 हजार पाठवले आणि मग हात आखडता घेतला. बहीण म्हणते, ‘मी हक्कसोड करून दिली, आता माझा काय संबंध?’ वाचकानं सोयाबीनची पट्टी, बायकोचे दागिने आणि आडत्याकडची उचल, सगळं यात घातलं. ते विचारतात, पैसे वसूल होतील का? भावाचा जमिनीतला हिस्सा अडवता येईल का? आणि आईच्या नावची दोन एकर आपल्या नावे करून घेतली तर?

आधी झालेला खर्च आणि पुढं होणारा खर्च वेगळा काढा. झालेला खर्च मागण्याचा हक्क तुमचा आहे, पुढचा मागण्याचा हक्क आईचा. तुम्ही दोन्ही एकत्र कालवलेत, त्यात जमीन घातलीत, आणि भावाला ‘ह्याचा डोळा शेतावर आहे’ म्हणायला आयतं निमित्त दिलंत.

पुढचा खर्च आधी बघू, कारण केमो थांबत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे. त्यात चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचारसुद्धा. अर्ज आईच्या नावानं, प्रांत ऑफिसातल्या न्यायाधिकरणात. तिला जाणं झेपत नसेल तर तिनं लिहून अधिकार दिला की अर्ज तुम्ही करू शकता. आई राहते तिथंच अर्ज चालतो, पुण्याला खेटे घालायचे नाहीत. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, आणि तोवर अंतरिम रक्कम मागता येते. कलम 17 नं तिथं वकिलाला मज्जावच केलाय, तेव्हा आमची फीही वाचली.

पण दोन गोष्टी ऐकून ठेवा. इथं जास्तीत जास्त महिन्याला 10,000 रुपये मिळतात. केमोच्या बिलापुढं ते थोडेच. त्याहून मोठी रक्कम हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायालयात जावं लागतं. तिथं अशी कमाल मर्यादा नाही. मात्र दोन्हींपैकी एकच वाट निवडायची. दुसरं असं, की भाऊ म्हणेल, ‘आईच्या नावावर जमीन आहे की!’ म्हणून दोन एकर कोरडवाहूचं खरं उत्पन्न काय, हे सातबारा आणि आडतीच्या पट्ट्या लावून दाखवा.

बहिणीचं म्हणणं कायद्यात टिकत नाही. हक्कसोडीनं जमिनीतला हिस्सा गेला, मुलीचं कर्तव्य नाही. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्येच सांगितलंय. पण त्याच निकालात असंही आहे की मुलीची स्वतःची ऐपत बघायची, नवऱ्याची नाही. तुमची बहीण घरकाम करत असेल, हातात स्वतःचा पैसा नसेल, तर दाजींच्या पगाराकडं बोट दाखवून काही हाती लागणार नाही. ‘तिघांत सारखं’ हे तुमच्या बैठकीतलं, कायद्यातलं नाही. कायदा ज्याच्या-त्याच्या ऐपतीनं बघतो. माझं विचाराल तर बहिणीला यातून सोडा. हक्कसोड करून देताना तिनं काय सोडलं, त्याचा हिशेब त्या बैठकीत कुणी मांडला नव्हता.

आता झालेला खर्च. अ‍ॅडमिट करताना फॉर्मवर सही तुमची, म्हणून दवाखान्याच्या लेखी देणेकरी तुम्ही. भावाकडून घ्यायचं तर दिवाणी दावा, आणि तो उभा राहील बैठकीतल्या ठरावावर. तोंडी करारही करारच असतो, फक्त शाबीत करावा लागतो. मामा साक्ष देतील? पत्रासोबत पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत भावाचा मेसेज दिसतो: ‘माझ्या वाट्याचे बाकीचे पुढच्या पगाराला टाकतो’. तुम्ही तो त्याचा खोटेपणा दाखवायला पाठवलाय, पण सगळ्या कागदांत वजनदार तोच आहे. ‘माझ्या वाट्याचे’ असं तो स्वतः लिहितो. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात तो नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह, म्हणजे फोनमधला मजकूर खरा असल्याच्या लेखी दाखल्यासह, दाखल होतो. अशा दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘पुढच्या दिवाळीत बघू’ करू नका. मूळ बिलं कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि भावाच्या कंपनीचा मेडिक्लेम आईवडिलांना लागू आहे का, हे त्याला सरळ विचारा. असेल तर मूळ बिलं मात्र पोच घेऊनच द्या.

दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा. आई स्त्री आहे एवढ्यावरच तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. तिथून प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोक अदालतीत ठेवता येतं, आणि तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. नोकरदार माणूस कोर्टाच्या तारखेला कंटाळतो, तडजोडीला बसतो.

पत्र वाचताना मला खटकलं ते वेगळंच. रेशनकार्डाचा उल्लेख कुठंच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, केमोही त्यात बसते. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेतलं, उपचारांसाठीचं वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. भरलेले पैसे योजना परत देत नाही, ते गेले. पण पुढच्या केमोआधी तुमचा दवाखाना योजनेत आहे का, हे दवाखान्यातच विचारा. नसेल तर घाटीला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याला, जोडलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय त्याच शहरात आहे. आणि दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

भावाचा हिस्सा अडवण्याचं म्हणाल तर तलाठी सातबाऱ्यावर दवाखान्याचं देणं चढवत नाही. जमीन सामायिक असेल आणि उद्या वाटणीचा दावा झाला, तर आईच्या आजारासाठी काढलेलं कर्ज आधी हिशेबात धरा, अशी मागणी करता येते. आडत्याच्या उचलीची चिठ्ठी त्यासाठी जपा.

राहिली आईची दोन एकर. केमो चालू असलेल्या बाईला रजिस्ट्री कचेरीत नेऊ नका. दस्त झाला तर भाऊ ‘आजारपणात दबाव टाकून सही घेतली’ असा दावा लावेल, आणि आज तुमच्या बाजूनं असलेले मामाही गप्प बसतील. तिची स्वतःची इच्छाच असेल तर बरी झाल्यावर, तिघांना सांगून, आणि दस्तात ‘सांभाळ व औषधोपचार करण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहून करा. म्हणजे तुम्ही सांभाळलं नाही तर 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे तिला तो दस्त रद्द करून मागता येईल. ही अट तुम्हाला नको वाटत असेल, तर दस्तही करू नका.