पंखा घरीच रंगवा, पण ९६ हजारांचा हप्ता आधी थांबवा

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या एका खाडीत माझी पर्यटकांना फिरवायची दहा माणसांची बोट आहे. पावसाळ्यासाठी ती वर ओढून शाकारली आहे. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) रंग उडाला आहे, पात्यांच्या कडांना बारीक खाचा आहेत. वर्कशॉपवाला साफ करून रंगवायचे साडेचार हजार सांगतो. घरी केलं तर सामान दीड हजारात येतं. बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला तांब्याचा अँटीफाउलिंग रंग अर्धा डबा उरला आहे, तोच लावू का? बारा हजारांचा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेतली तर जेटीवरच्या इतर वीस बोटींचे पंखे रंगवून वर्षाला तीस हजार सुटतील असं वाटतं. सध्या पैशांची ओढाताण आहे. इंजिनाच्या कर्जाचे २ लाख ८० हजार बाकी आहेत, व्याज साडेतेरा टक्के, हप्ता ९,५०० रुपये. त्यात विमा पॉलिसीचा ९६ हजारांचा दुसरा हप्ता याच महिन्यात आला आहे, त्यासाठी बायकोचं सोनं तारण ठेवणार आहे. पॉलिसी चांगली आहे, दहा वर्षं भरायचे, बाराव्या वर्षाअखेर १४ लाख हमखास. बोटीचा वेगळा विमा (१४ हजार) यंदा काढला नाही. पॉलिसी आहेच आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावरच असते. वय ३८, दोन मुलं.

उत्तर : पंखा घरीच रंगवा, तीन हजार वाचतील. तांब्याचा रंग लावू नका आणि कॉम्प्रेसर घेऊ नका. कारणं खाली देतो. आधी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या तीन ओळींकडे येऊ, कारण तुमचं घर बुडवायची ताकद त्यांच्यात आहे, पंख्यात नाही.

‘पॉलिसी आहेच’ म्हणजे काय आहे? ती तुमच्या जिवाची पॉलिसी आहे. बोट फुटली, इंजिन बुडालं, उतरताना पर्यटकाचा पाय मोडला, तर ती एक रुपया देणार नाही. तुमच्या मृत्यूनंतर घरच्यांना काय मिळेल ते कागदावर बघा. अशा योजनांत विम्याची रक्कम बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास. त्यातून कर्ज वजा केलं की दोन मुलांसाठी उरतात पावणेसात लाख. वर्षाला ९६ हजार मोजून एवढंच विमासंरक्षण मिळतं, आणि ज्या बोटीवर चूल पेटते ती उघडी पडली आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असते म्हणून विमा नको, हे कोकणात राहणाऱ्याने म्हणावं याचं मला नवल वाटलं. तौक्ते वादळ २०२१च्या मे महिन्याच्या मध्याला तुमच्याच किनाऱ्यावरून गेलं. निसर्ग २०२०च्या ३ जूनला रायगडात धडकलं. दोन्ही वादळं नेमकी बोटी वर ओढायच्या दिवसांत आली. शिवाय माणसं नेणाऱ्या बोटीचा विमा हा हौसेचा प्रश्न नाही. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींच्या विम्याची तरतूद आहे. कर्जाचा करारही उघडा, गहाण बोटीचा विमा चालू ठेवायची अट अशा करारांत सहसा असते. तेव्हा १४ हजारांचा तो विमा या आठवड्यातच काढा. प्रवाशांची जबाबदारी त्यात आहे का आणि वर ओढलेल्या बोटीचं वादळाचं नुकसान धरलं आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

आता ते ‘हमखास १४ लाख’. दहा वर्षं ९६ हजार म्हणजे ९ लाख ६० हजार. पहिला हप्ता बारा वर्षं अडकतो, शेवटचा तीन वर्षं, सरासरी साडेसात वर्षं. तेवढ्यात दीडपटीलाही थोडे कमीच. वर्षाला सुमारे पाच टक्के पडतात. एजंट ‘दीडपट’ म्हणाला असेल, ‘पाच टक्के’ म्हणाला नसेल. म्हणाला असता तर तुम्ही सही केली नसती. आणि हे पाच टक्के मिळवायला तुम्ही सोनं तारण ठेवून दहा-बारा टक्क्यांनी पैसे उचलणार, तेही साडेतेरा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना. आणखी एक गोष्ट मला चीड आणते. हंगामी धंदा करणाऱ्या माणसाला हप्त्याची तारीख जूनची लावून दिली आहे! दरवर्षी गल्ला रिकामा असतानाच हा हप्ता दारात उभा राहणार.

म्हणून सोनं घरातच राहू द्या. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तेवढ्यात कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज पॉलिसी बंद केली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर अखेरीस किती. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक पूर्ण वार्षिक हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं असेल तरीही काही रक्कम परत मिळू शकते. तुमची पॉलिसी गेल्या वर्षीची आहे, तेव्हा ‘काहीच मिळत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. पहिल्या ९६ हजारांतले बरेच जातील, हे आधीच सांगतो. दुःख होईल. पण ते वाचवायला आणखी नऊ वेळा ९६ हजार घालणं म्हणजे एका फुटक्या फळीसाठी अख्खी बोट बांधणं.

मात्र जुनी पॉलिसी सोडण्याआधी साध्या मुदत विम्याचा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या) अर्ज करा आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात येऊ द्या. पन्नास लाखांचं संरक्षण घ्या, हप्ता पंधराएक हजार धरून चाला. अर्जात बोटीवर काम करतो हे स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे, लपवलेला धंदा दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. तुम्ही आणि तुमचा मदतनीस दोघंही बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख.

९६ हजारांचा हिशेब मग असा होतो. बोटीचा विमा १४, मुदत विमा १५, उरले ६७. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे कर्जाचे हप्ते ३८ हजार, ते मोसमातच बाजूला काढायचे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ओढाताण नाही. राहिलेले २९ हजार मे महिन्यात कर्जाच्या मुदलात टाका, मुदतीआधी भरण्याचा आकार लागतो का ते विचारून. तिथे साडेतेरा टक्के ‘हमखास’ आहेत.

कॉम्प्रेसरचं. वीस बोटींतून तीस हजार म्हणजे एका पंख्यामागे निव्वळ दीड हजार, आणि सगळे वीस जण दरवर्षी तुमच्याकडेच येणार. तुम्ही स्वतः तीन हजार वाचवायला घरी रंगवताय, मग बाकीचे वीस जण वेगळे कसे वागतील? पाच आले तरी पुष्कळ. आणि पंखा नीट बसला नाही म्हणून कुणाचं इंजिन थरथरलं तर जेटीवर तोंड लपवावं लागेल ते वेगळंच.

आता पंखा. अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा रंग लावून तो खाऱ्या पाण्यात सोडला की दोन धातूंची बॅटरी बनते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. अर्धा डबा वाचवायला अख्खा पंखा जाईल. रंगवण्याआधी बघायच्या गोष्टी दोन. पातं वाकलं असेल किंवा तडा असेल तर घरी हातोडी चालवू नका, वर्कशॉपचे साडेचार हजार तिथे रास्त आहेत. आणि मधला रबरी बुश घसरतोय का बघा. बुशवर आणि बाहेरच्या कड्यावर मिळून एक आडवी खूण करा, बोट पाण्यात उतरवून फेरी मारून आल्यावर खूण तुटलेली दिसली तर रंग राहू द्या, आधी बुश.

हे ठीक असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद पाडणारी सुरक्षा दोरी काढलेली, मगच पंखा उतरवा. खाचा कानशीने हलक्या हाताने मोडा, सगळ्या पात्यांचं सारखंच काढा, एकाचं जास्त निघालं की तोल गेला. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०, नंतर २२०. अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि साधा रंग त्यावरून पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून पुसून त्याच दिवशी एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा पहिला हात) मारा. वर रंगाचे तीन-चार पातळ हात, स्प्रेच्या डब्याने होतात. शाफ्ट बसतो त्या आतल्या खाचांत रंग जाऊ देऊ नका, जवळच्या जस्ताच्या तुकड्यावर तर मुळीच नको, तो बाकीच्या धातूऐवजी झिजण्यासाठीच असतो. कडांवरचा रंग वाळूने मोसमात उडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बसवताना शाफ्टवर मच्छीमारी दोऱ्याचं वेटोळं आहे का बघा, ते सील कापतं. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावा आणि नट अडवणारी जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका. तेवढा खर्च करा.