तांदुळजातला ‘ज’ कुठून आला?

प्रश्न असा: ‘चवळी’ म्हणून पालेभाजीची जी जुडी मिळते ती कडधान्यातल्या चवळीची पानं का? तांदुळजा तिचाच कोणी का? ‘तांदळाच्या शेतात जन्मतो तो तांदुळज’ ही व्युत्पत्ती बरोबर का? आणि ही भाजी खरोखर इतकी गुणाची आहे का?

पहिल्याचं उत्तर: नाही. कडधान्यातल्या चवळीचं पान तीन पर्णिकांचं असतं. या भाजीचं पान एकटं, देठाकडे निमुळतं. नाव आहे चवळाई. ती माठाच्या गोतातली आणि तांदुळजाही त्याच गोतातला. चवळाईची ‘चवळी’ केल्यामुळे आहारावरच्या लेखांत कडधान्याची प्रथिनं बिनदिक्कत या पाल्याच्या नावावर लिहिली जातात. तांबड्या माठाला ‘लाल पालक’ म्हणणं हा त्याचाच दुसरा प्रकार. माठ हा एवढा सुटसुटीत शब्द असताना पालक कशाला हवा?

हिंदीतल्या ‘चौलाई’ची ‘चौ + राई’ अशी फोड दिली जाते, ती मला अजिबात पटत नाही. चार राया आणायच्या कुठून? माझ्या मते ‘चाउल’, म्हणजे चावल, हेच तिचं मूळ. संस्कृतातलं ‘तण्डुलीय’ हे नाव तंडुलावरून आलं, तसंच हेही.

आता ‘ज’. पंकज, जलज यांच्या चालीवर ‘तांदुळज’ लावणारे विद्वान एकदाही उच्चार ऐकत नाहीत. पंकजमधला ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘ज्य’कडे झुकणारा, तर तांदुळजातला ‘आज’ आणि ‘काजळ’मधला. तो संस्कृतातून तयार उचललेला नाही, प्राकृतातून झिजत आलेला आहे. संस्कृत ‘-ईय’चं महाराष्ट्री प्राकृतात ‘-इज्ज’ होतं: रमणीयचं रमणिज्ज, करणीयचं करणिज्ज. त्याच नियमाने तण्डुलीयचं तंडुलिज्ज आणि पुढे तांदुळजा. गुजरातीतला ‘तांदळजो’ही त्याच वाटेने आला. आणि हाच ‘इज्ज’ आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो तो ‘म्हणजे’ या शब्दात! जुन्या मराठीत तो ‘म्हणिजे’ होता, त्याआधी प्राकृतात ‘भणिज्जइ’, म्हणजे ‘म्हटलं जातं’. भाजीच्या नावात आणि ‘म्हणजे’त एकाच ध्वनिबदलाची खूण टिकून राहावी, यापरता आनंद मला कुठल्याही शब्दकोशाने दिलेला नाही.

पण तांदळाचा संबंध मुळात काय? भावप्रकाशात, म्हणजे 16व्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात, याच्या पर्यायांत ‘तण्डुलीबीज’ आहे, म्हणून बी तांदळासारखं असं सांगून टीकाकार मोकळे होतात. बी पाहिलंय का कुणी? खसखशीएवढं, काळंभोर, चकचकीत. माझा कौल तांदळाच्या धुवणाला. चरकसंहितेत अंगावरून जास्त जाण्यावर तांदुळजाचं मूळ मधासह तांदळाच्या धुवणातून द्यायला सांगितलं आहे. औषध ज्यात उगाळायचं त्यावरून झाडाला नाव पडलं, असं मी मानतो. (आज असा त्रास असेल तर आधी डॉक्टर गाठावा, हे वेगळं सांगायला नको.)

आयुर्वेदाची अधिकृत औषधसूची तण्डुलीय म्हणजे काटेमाठ ठरवते. इथे मी साफ असहमत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ काटेमाठाचं मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात मानतात. मग तो चरकाच्या हाती लागला कसा? भावप्रकाश याला ‘अल्पमारिष’, धाकटा माठ, म्हणतो, काट्यांचा माठ म्हणत नाही. आपण भाजीला घेतो तो तांदुळजा बिनकाट्याचाच असतो. शिवाय तिथेच ‘विषघ्न’ हेही नाव आहे. जुन्या वैद्यकात ही भाजी थंड आणि पचायला हलकी मानली, रक्तपित्तावर, म्हणजे अंगातून रक्त जाण्याच्या विकारावर, सांगितली. पथ्यात ती पालकाच्या आधी येते ती यामुळे.

गुणांचं विचारलंत, तर माठवर्गाच्या 100 ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे 215 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पालकात साधारण 99. क जीवनसत्त्वही 43 मिलिग्रॅम, पालकाच्या दीडपट. लोहाचा मात्र उगाच गवगवा होतो, ते पालकापेक्षा किंचित कमीच. दोन्हींत कॅल्शियमला बांधून ठेवणारं ऑक्झॅलेट असल्याने कॅल्शियम सगळं अंगी लागत नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पानं उकळून पाणी टाकावं. के जीवनसत्त्व भरपूर असल्याने रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल, तर खाण्याचं प्रमाण एकदम वाढवू नये.

लिहिताना ‘तांदुळजा’ असंच लिहा, दुसरं अक्षर ऱ्हस्व. आणि भाजी ‘तांदुळज्याची’ नव्हे, ‘तांदुळजाची’. दरवाजाला विभक्ती लागली तरी तो दरवाजाचाच राहतो, दरवाज्याचा होत नाही, तसंच.