शुगर, गोडाऊन आणि नळदुर्गचा साहेब

इंग्रजीत गेलेल्या आपल्याकडच्या शब्दांबद्दल ढीगभर प्रश्न आलेत. सगळ्यांना पुरं पडणं होणार नाही. ज्यांची उत्तरं लिहिताना मलाच मजा आली, तेवढे घेतो.

आईला तपासून डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढलीय." घरी आल्यावर आजोबा म्हणतात, शुगर हा शब्द मुळात आपलाच. खरं का? (अंबाजोगाई)

आजोबांना माझा नमस्कार सांगा. अगदी खरं आहे. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर. अरबांसोबत ती भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने युरोपात शिरली, फ्रेंचांनी तिचं सुक्र केलं आणि तिथून इंग्रजांची शुगर. आपली साखरही त्याच शर्करेची, फक्त ती घर सोडून गेली नाही.

पण आजोबांना एक उलट प्रश्न विचारा: शर्करेचा मूळ अर्थ काय? गोड नव्हे. खडे, वाळूची कणी. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हणतात. गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही. काहिलीतून ओतलेला पाक थंड होताना कडेला जी रवाळ कणी धरतो, ती बोटांत चोळून बघा. नदीकाठची वाळूच. नाव जिभेने नाही, बोटांनी ठेवलेलं आहे.

या शब्दाने प्रवासही एकदाच केला नाही. आपल्याकडून तो ग्रीकांकडे गेला, तिथून लॅटिनमध्ये, आणि पुढे रसायनवाल्यांनी त्यातून सॅकरिन हे कृत्रिम गोडीचं नाव काढलं. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तोच शब्द तिथल्या उच्चारात ऐकला, त्याची इंग्रजीत जॅगरी झाली, म्हणजे गूळ. कँडी मात्र वेगळ्या घरची, ती आपल्या खांडेची लेक. तेव्हा आईने साखर सोडून गूळ धरला तरी शर्करा काही सुटत नाही. शब्दातलीही नाही आणि रक्तातलीही नाही.

वडिलांच्या जुन्या पावत्यांवर 'गुदाम' आहे, माझ्या पाटीवर 'गोडाऊन'. मुलगी म्हणते, मराठी लिहा. मराठी कोणतं? (आडत दुकानदार, लातूर)

दोन्ही एकच, दादा. पूर्वेकडच्या बंदरांत मलाय लोक कोठाराला गुदांग म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला. त्यातून आपण गुदाम केलं, इंग्रजांनी गोडाऊन. माल ठेवायला खाली उतरावं लागतं म्हणून गो-डाऊन, असं मला शाळेत सांगितलं होतं. ते थोतांड. परका शब्द इंग्रजी कानाला तसा ऐकू आला, एवढंच. गंमत म्हणजे मलाय लोकांनी तो तेलुगू-तमिळवाल्यांकडून घेतला असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दक्षिणेतला माल समुद्रापार फिरून लातुरात उतरला! आणि लंडनमध्ये कुणाला गोडाऊन विचाराल तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिथे वेअरहाऊसच म्हणतात. मुलीचं समाधान करायचं असेल तर कोठार लिहा, पण त्यासाठी नवी पाटी रंगवू नका.

'नेव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला, असा मेसेज फिरतोय. शाळेत मुलांना सांगू का? (शिक्षिका, परभणी)

नका सांगू, ताई. तो लॅटिनमधला शब्द आहे: नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणे. मात्र नाविस आणि आपली नाव या सख्ख्या बहिणी आहेत, दोघींची आजी एक. बहिणीने बहिणीकडून लुगडं उसनं आणलं आणि दोघींना आजीचं नाक मिळालं, या दोन वेगळ्या गोष्टी. नेम आणि नाम, डोअर आणि द्वार यांचंही नातं नाकाचंच. ते इंग्रजीने आपल्याकडून घेतलेले नाहीत.

आणि कधीकधी नातंच नसतं. बदनाम, बदमाश यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' अर्थाला तेच, आवाजाला जवळपास तेच. तरीही निव्वळ योगायोग. मुलांना हे उदाहरण द्या, मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबतील.

'ठग' हा शब्द इंग्रजीत नळदुर्गहून गेला, असं गावात सांगतात. (तुळजापूर)

नळदुर्गहून नाही, पण ज्याच्यामुळे तो इंग्रजी घराघरांत पोचला, तो माणूस पुढे नळदुर्गला होता. फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला साहेब. त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ साली इंग्लंडमध्ये निघाली आणि तुफान वाचली गेली. शब्द त्याआधीही इंग्रजी कागदपत्रांत होता, स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ठगांवरच्या मोहिमेने गाजलाही होता. धाराशिवकडचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला तो १८५३ साली, आणि टेलर नळदुर्गला आला तो त्यानंतर. गावकऱ्यांनी तारखा थोड्या मागेपुढे केल्यात, बाकी माणूस बरोबर पकडलाय.

मुळाशी संस्कृत स्थग् धातू आहे, म्हणजे झाकणे, लपवणे. सभा स्थगित होते ती त्याच धातूने. आपल्याकडे ठग हा गोड बोलून फसवणाराच राहिला, म्हणून तर ठकास महाठक. इंग्रजीत त्याचा दांडगट गुंड झाला. आता आमच्याच कॉलेजातली पोरं शर्टावर 'थग लाईफ' छापून हिंडतात. ठ गेला आणि थ होऊन परत आला.

सरळ मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द सांगा. (देगलूर)

मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस गेला, मंगूस झाला. इंग्रजीत गूसचं अनेकवचन गीस होतं, पण मंगूसचं मंगीस करू नका. मंगूसेस. गूस म्हणजे हंस, त्याच्याशी मंगूसचा काही संबंध नाही. तेलुगूतही त्याला मुंगिसच म्हणतात, तेव्हा मूळ मालक कोण यावर देगलूरच्या बाजारात भांडण लागू शकतं.

दुसऱ्या एका शब्दावर मात्र भांडण नाही, तो सरळ तेलुगूवाल्यांचा. आपली घूस. तेलुगूत पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचं बँडिकूट केलं आणि ऑस्ट्रेलियात पोटाला पिशवी असलेला एक वेगळाच प्राणी दिसला, तर त्यालाही तेच नाव चिकटवून टाकलं.