हप्ता बसतो, पण गाडी बसते का?

प्रश्न: नाशिकला नोकरी, वय २९, हातात येणारा पगार ६२,०००. घरभाडं १४,०००, निफाडला आईवडिलांना १०,०००, एसआयपी ८,०००, बाकी घरखर्च १८,०००. एफडीत साडेचार लाख. कामावर कंपनीच्या बसने जातो. गाडी हवी ती दर आठवड्याला गावी जायला आणि वडिलांना दवाखान्यात न्यायला; महिन्याला ६०० किलोमीटर होतील. नव्या पेट्रोल गाडीचा ऑन-रोड भाव ९.७५ लाख. तीन लाख भरून उरलेलं कर्ज सात वर्षांसाठी मिळतंय. सहकाऱ्याची तीच, चार वर्षं वापरलेली गाडी ५.२० लाखांना आहे. कोणती घेऊ?

उत्तर: आज दोन्ही नको. वर्षभराने वापरलेली घ्या.

सगळे खर्च वजा जाता तुमच्याकडे १२,००० उरतात. ६.७५ लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता साधारण १०,८६० येतो. शोरूमचा हिशेब इथेच संपतो आणि म्हणून तो जमतो. आता पुढचं धरा: ४० लिटर पेट्रोलचे ४,२००, विम्याचे महिन्याकाठी १,५००, सर्व्हिसिंग ७००, टायर-बॅटरीसाठी बाजूला ३५०, पार्किंग १,०००. हे झाले ७,७५०. म्हणजे गाडीचा खरा खर्च १८,६००. दर महिन्याला साडेसहा हजार कमी पडणार आणि ते एसआयपीतूनच जाणार, कारण भाडं आणि गावचे पैसे कुणी थांबवत नाही.

सात वर्षांत व्याज २.३७ लाख जातं. पाच वर्षांत ते १.६६ लाखांवर येतं, पण हप्ता १४,००० होतो. पगारदाराला कार कर्जाच्या व्याजावर करसवलतही नाही. शिवाय तीन लाख भरल्यावर एफडीत उरतात दीड लाख. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च ४२,००० आहे, सहा महिन्यांची सोय म्हणजे अडीच लाख. वडिलांच्या दवाखान्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, तेव्हा या अडीच लाखांना हात लावू नका.

कोटेशनबद्दलही थोडं. ८.२० लाखांच्या एक्स-शोरूमवर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के कर म्हणजे ९०,२००. विमा ३८,०००, नोंदणी वगैरे तीनेक हजार. बेरीज ९.५१ लाख. वरचे २४,००० 'हँडलिंग' आणि अ‍ॅक्सेसरीज पॅकचे आहेत. हँडलिंग द्यायची गरज नाही, पॅक तर नाहीच. विमाही शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचे दोन भाव आणून दाखवा.

आता सहकाऱ्याची गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे "मी एवढ्याला घेतली होती" हा हिशेब ऐकू नका, किंमत आजच्या नव्या गाडीच्या भावाशी ताडा. नावावर करणं, विमा आणि पहिली सर्व्हिस धरून आणखी २५,००० लागतील. अडीच लाख बाजूला ठेवले तर दोन लाख भरता येतात, उरलेल्या ३.४५ लाखांना १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ७,६७० च्या आसपास. त्यात चालवण्याचे ७,७५० मिळवा. अजून साडेतीन हजार कमीच.

म्हणून आजपासून १२,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. वर्षात १.४४ लाख जमतात, कर्ज दोन लाखांवर येतं, हप्ता ४,४५० होतो आणि सगळं मिळून १२,२००. दोनशे इकडेतिकडे करावे लागतील, पण जेमतेम बसतं. ही ठेव तिसऱ्या महिन्यात मोडावी लागली, तर गाडीचं काय झालं असतं ते कळेलच. तोवर दवाखान्यासाठी भाड्याची गाडी बोलवा, ती याहून स्वस्त पडते. सहकाऱ्याची गाडी विकली जाईल, जाऊ द्या.

कर्ज देणारा "पावणेसात टक्के फ्लॅट" (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) म्हणाला तर पाच वर्षांच्या कर्जात ते घटत्या मुद्दलावर साधारण १२ टक्केच असतात, हे लक्षात ठेवा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, तेही लेखी घ्या.

गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. काही विकणारे ते आधीच तापवून ठेवतात. सुरू होताना निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल जळतंय. दारांचं रबर सोलून बघा: कारखान्यातले स्पॉट वेल्ड (पत्रा जोडल्याचे ठिपके) गोल आणि सारख्या अंतरावर असतात, तसे नसतील तर तिथे दुरुस्ती झालेली असू शकते. बॉनेटच्या बोल्टचा रंग खरवडलेला असेल तर पत्रा उघडला गेलाय. सीट बेल्ट पूर्ण ओढा. टोकाला चिखलाचे डाग म्हणजे गाडी पाण्यात गेलेली. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर चार टायरचे वीसेक हजार किमतीतून कमी करा. शंभर किलोमीटर चालवून बघण्यापेक्षा ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर चढवून अर्धा तास बघितलेलं बरं.

कागदांत आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्यांशी स्वतः जुळवा. वाहन पोर्टलवर मालक कितवा, चलनं थकलीत का, बँकेचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळालेली सूट) गाडीबरोबर येत नाही. त्याच्या फरकाची रक्कम विमा कंपनी तुमच्याकडूनच घेईल, ती आधीच सौद्यात धरा.