वाचक विचारतात: जोन ऑफ आर्कचं संगीत, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात पाश्चात्य संगीतातल्या संतचरित्रांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरेच मेल आणि मेसेज आले आणि त्यातले बहुतेक एकाच मुलीबद्दल निघाले. त्यामुळे यावेळी सगळी जागा जोन ऑफ आर्कला.

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे आणि जोन ऑफ आर्कवर प्रोजेक्ट करतेय. मी भीमसेनजी आणि किशोरीताई ऐकत वाढले, वेस्टर्न क्लासिकल कधी ऐकलेलं नाही. जोनवर खूप संगीत आहे म्हणतात, मग आधी काय ऐकू आणि त्याआधी काय माहीत असायला हवं? (वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, गोष्ट थोडक्यात सांगते. साधारण १४१२ साली फ्रान्सच्या पूर्वेला दोंरेमी नावाच्या गावात शेतकऱ्याच्या घरी जन्म. तेव्हा इंग्रज-फ्रेंच युद्ध पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. तेरा वर्षांची असताना उन्हाळ्यात भर दुपारी वडलांच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला, पुढे तिने सांगितलं की सेंट मायकेल, सेंट कॅथरीन आणि सेंट मार्गारेट आपल्याशी बोलतात. सतराच्या आसपास ती सैन्याबरोबर निघाली, ८ मे १४२९ ला इंग्रजांनी ऑर्लेआँ शहराला घातलेला वेढा उठला, १७ जुलैला रँसच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सचा राजा म्हणून सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला आणि ती तिथे हजर होती. पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या बाजूने असलेल्या बर्गंडीच्या सैनिकांनी तिला पकडलं, इंग्रजांना विकलं, रूआँ शहरात चर्चने खटला चालवला आणि ३० मे १४३१ ला जिवंत जाळलं. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला, संतपद मात्र थेट १९२० ला.

आता तुम्ही भीमसेनजींची संतवाणी ऐकत वाढलात म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण इथेच आपल्या कानाची गडबड होऊ शकते. आपल्याकडे संताचं संगीत म्हणजे संताचेच शब्द. तुकोबांचा अभंग, जनाबाईची ओवी, चाल कुणाचीही असो, शब्द त्यांचे. जोनने एकही गाणं रचलं नाही, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिचे म्हणून जे शब्द उरलेत ते तिने सांगून लिहून घेतलेल्या पत्रांत आणि खटल्याच्या कागदपत्रांत, म्हणजे तिच्या विरोधातल्या लोकांच्या कारकुनांनी उतरवून घेतलेले. आणि काय शब्द आहेत हो! तुझ्यावर देवाची कृपा आहे का, असा प्रश्न तिला कोर्टात विचारला. हो म्हणाली तर उद्धटपणा, नाही म्हणाली तर गुन्ह्याची कबुली. तिने सांगितलं, नसेल तर देव मला ती देवो, आणि असेल तर देव मला त्यातच ठेवो. हे उत्तर देणारी मुलगी एकोणीसच्या आसपासची, वकील नाही, शेजारी आपलं कुणी नाही!

त्यामुळे जोनवरचं कुठलंही काम ऐकायला घेतलं की मी पहिल्यांदा हेच बघते की या संगीतकाराने तिचं तिला बोलू दिलंय का, की स्वतःची नायिका तिच्या जागी उभी केलीये. तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टलाही हा प्रश्न चांगला चालेल.

सुरुवात रिचर्ड आइनहॉर्न या अमेरिकन संगीतकाराच्या 'व्हॉइसेस ऑफ लाइट' पासून करा, १९९४ चं काम आहे. ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ मध्ये जोनच्या खटल्यावर मूकपट काढला होता, त्याची मूळ निगेटिव्ह जळून गेली आणि मग १९८१ मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात जुनी प्रिंट सापडली. तो पिक्चर बघून आइनहॉर्नला हे सुचलं, आणि बऱ्याच ठिकाणी पडद्यावर पिक्चर आणि खाली ऑर्केस्ट्रा, कोरस असा प्रयोग होतो. यातले शब्द मध्ययुगातल्या साध्वींचे आहेत आणि जोनच्या पत्रांतलेही आहेत, आणि जोनचे शब्द एकटी गायिका गात नाही, बायकांचे आवाज मिळून गातात, त्यामुळे जोन म्हणून एकच एक बाई डोळ्यासमोर येत नाही. दोंरेमीच्या चर्चच्या घंटेचा आवाजही त्याने रेकॉर्ड करून वापरलाय. संतवाणीवर वाढलेल्या कानाला हे सगळ्यात लवकर जवळचं वाटेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: इटालियन संगीतकार वेर्दीचा 'जोव्हान्ना दार्को' ऑपेरा सबटायटल लावून बघितला. त्यात ती राजाच्या प्रेमात पडते आणि शेवटी लढाईत जखमी होऊन मरते. जाळलं ते कुठे गेलं? मी भलतंच काही बघितलं का? (वाचक, सांगली)

उत्तर: नाही, बरोबरच बघितलंत. हा घोळ वेर्दीच्या आधीचा आहे. जर्मन नाटककार शिलरने १८०१ मध्ये जोनवर नाटक लिहिलं, त्यात तिला रणांगणावर मरण दिलं आणि प्रेमाचा मोह पण घातला, आणि पुढे शंभर वर्षं युरोपभर लोक इतिहासापेक्षा शिलरच्याच मागे गेले. वेर्दीच्या ऑपेराचे शब्द लिहिणाऱ्या सोलेराने तर त्याच्यावरही कडी केली. यात तिचा सख्खा बापच ती सैतानाच्या नादी लागलीये समजून तिला शत्रूच्या हवाली करतो आणि मग पस्तावतो. पहिला प्रयोग १५ फेब्रुवारी १८४५ ला मिलानच्या ला स्काला मध्ये झाला, वेर्दी एकतीस वर्षांचा होता. रोममध्ये सेन्सॉरला संत आणि राजकारण एकत्र नको होतं म्हणून तिथे याच ऑपेराची नायिका ग्रीक बेटावरची करून टाकली, नाव 'ओरिएत्ता दी लेस्बो'.

आता संगीताबद्दल. त्यातल्या आवाजांचं वेर्दीने काय केलंय ते परत एकदा ऐका. देवदूतांचा कोरस वेगळा आणि सैतानांचा वेगळा, आणि सैतान चक्क वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची हलकीफुलकी चाल गातात, तू सुंदर आहेस, तू सुंदर आहेस म्हणत. लोक याला खूप हसतात. मला मात्र ते पटतं, कारण खेड्यातल्या तरुण पोरीला मोह असाच ऐकू येईल ना, जत्रेतल्या नाचाच्या सुरासारखा, गडगडाट करत थोडाच येणार? पण एकूण ऑपेरात जोन हरवते हे मी मान्य करते. गळ्यासाठी लिहिलेलं संगीत फार देखणं आहे आणि ती बाई कुणीही असती तरी चाललं असतं. ला स्कालातच हा ऑपेरा जवळजवळ दीडशे वर्षं लागला नव्हता, ७ डिसेंबर २०१५ ला सीझनच्या उद्घाटनाला परत केला, रिकार्डो शायी कंडक्टर आणि आना नेत्रेब्को जोन.

रशियन संगीतकार चायकोव्स्कीचं दुःख यापेक्षा मोठं आहे. त्याला जोनचं वेड लहानपणापासूनचं, सातेक वर्षांचा असताना त्याने तिच्यावर फ्रेंचमध्ये कविता लिहिली होती. डिसेंबर १८७८ मध्ये फ्लोरेन्सला तो तिचं चरित्र वाचत होता आणि खटला, माफीनामा, मृत्युदंड इथपर्यंत आल्यावर हमसून हमसून रडला, हे त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. म्हणून त्याने शिलरचा शेवट टाकून दिला आणि 'मेड ऑफ ऑर्लेआँ' या आपल्या ऑपेरात तिला चितेवरच नेलं. पण शिलरचं प्रेमप्रकरण मात्र तसंच ठेवलं! शत्रूपक्षातला एक सरदार, त्याला मारायला तलवार उचलते आणि चेहरा बघून प्रेमात पडते. एवढं रडून सुद्धा त्याला खऱ्या मुलीची गोष्ट पुरेशी वाटली नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न: मी हौशी रंगभूमीवर काम करतो. संगीतकार ओनेगेरच्या 'चितेवरील जोन' बद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलं होतं की त्यात जोन गातच नाही. मग ते संगीत कसं? (वाचक, पुणे)

उत्तर: या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण माझ्या मते जोनवरचं सगळ्यात मोठं काम हेच.

कारण अगदी व्यवहारातलं होतं. काम ज्यांनी सांगितलं त्या इदा रुबिनस्टाइन नर्तकी आणि नटी होत्या, गायिका नव्हत्या. त्यांना जोन करायची होती. शब्द लिहायला कवी पॉल क्लोदेलकडे गेले तर ते आधी नाहीच म्हणाले, जोनचे स्वतःचे शब्द सगळ्यांना माहीत असताना तिच्या तोंडी मी काय घालू. मग ब्रुसेल्सला जाताना रेल्वेत त्यांच्या डोळ्यासमोर दोन बांधलेले हात क्रूसाची खूण करताना आले आणि मग भराभर लिहून काढलं. ओनेगेरने १९३५ मध्ये संगीत केलं, पहिला प्रयोग १२ मे १९३८ ला स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये, पॉल साखर कंडक्टर.

तुम्ही नाटकवाले आहात तर रचना बघा. अकरा प्रवेश, आणि सुरुवातच शेवटापासून. जोन खांबाला बांधलेली आहे, ब्रदर डोमिनिक नावाचा साधू पुस्तक घेऊन येतो आणि दोघं मिळून तिचं आयुष्य उलटं वाचत जातात, खटला आधी, मग राजकारण, मग राज्याभिषेक, आणि शेवटी लहानपण आणि गाव. ही दोघं फक्त बोलतात. त्यांच्या भोवती मोठा कोरस, मुलांचा कोरस, सोलो गायक, सॅक्सोफोन, दोन पियानो आणि ओंद मार्तनो नावाचं तेव्हा नवीनच निघालेलं इलेक्ट्रिक वाद्य, ज्यातून सुरुवातीला रात्री कुत्रं रडावं तसा आवाज येतो. खटल्यात न्यायाधीश डुक्कर आहे आणि कारकून गाढव, कारण खऱ्या बिशपचं नाव कोशों आणि फ्रेंचमध्ये डुकराला कोशोंच म्हणतात. देशाचं राजकारण तर पत्त्यांचा डाव म्हणून येतं, राजे-राण्या पानं टाकतात आणि जोन विकली जाते.

आता गात का नाही. अहो सगळं जग तिच्या भोवती गातंय, ओरडतंय, प्रार्थना म्हणतंय, आणि मध्ये एक साधा बोलका आवाज, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य कानात शिरतं. तिला ऐकू येणारे आवाज इथे घंटांमधून येतात, एक घंटा कॅथरीन, एक मार्गारेट, आणि हे कुणाच्या मनाचं नाही. तिच्या गावच्या घंटा वाजवणाऱ्याने नंतरच्या चौकशीत साक्ष दिलीये की संध्याकाळची घंटा चुकली की जोन त्याला रागवायची आणि नीट वाजव म्हणून काहीतरी द्यायचं कबूल करायची. शेवटी ज्वाळा वर येतात तेव्हा ती खूप घाबरलेली आहे. ते घाबरणं क्लोदेलने लपवलेलं नाही आणि ओनेगेरनेही त्याला भव्यदिव्य केलेलं नाही. वेर्दी-चायकोव्स्कीकडे जे मिळत नाही ते मला इथे मिळतं, ती एक मुलगी आहे हे.

साधारण सव्वा तासाचं काम आहे. युद्धात फ्रान्स व्यापला गेल्यानंतर १९४४ मध्ये त्याला प्रस्तावनेचा भाग जोडला, तो असलेलंच रेकॉर्डिंग घ्या. नटी इन्ग्रिड बर्गमनने जोन केली होती, दिग्दर्शक रोसेलिनीने तिला घेऊन १९५४ चा पिक्चरही केला. अलीकडे फ्रेंच नटी मारियाँ कोतियारने बऱ्याच वेळा केलीये. तुमच्या ग्रुपने नुसती संहिता वाचून बघितली तरी खूप शिकायला मिळेल.

प्रश्न: मुलगी इथे कॉलेजात व्हॉइस शिकते, मेझो आहे, म्हणजे बायकांमधला मधल्या पट्टीचा आवाज. जोनचं काही तिला गाता येईल का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: दोन गोष्टी. रोसिनीचं 'जोव्हान्ना दार्को', १८३२ चं, फक्त आवाज आणि पियानो, पंधरा मिनिटांच्या आसपास, ओलँप पेलिसिएसाठी लिहिलेलं, ज्यांच्याशी त्याने पुढे लग्न केलं. अवघड आहे, घाई नको. दुसरं चायकोव्स्कीच्या त्याच ऑपेरातलं पहिल्या अंकातलं गाव सोडतानाचं गाणं, डोंगर-शेतांचा निरोप. मूळ भूमिका सोप्रानोची, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाची, पण पहिल्याच प्रयोगात कामेन्स्काया या मेझोने केली म्हणून त्याने स्वतः स्वर खाली आणले, त्यामुळे मेझो बायका हे हक्काने गातात. रशियन जड जात असेल तर फ्रेंचमध्येही सर्रास गातात.

प्रश्न: हे सगळे संगीतकार शेकडो वर्षांनंतरचे. तिच्या स्वतःच्या काळातलं संगीत ऐकायला मिळेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर: मिळेल, आणि ते ऐकताना जरा चमत्कारिक वाटतं, कारण त्या काळातलं फार सुंदर संगीत तिच्या शत्रूंच्या दारी होतं. जॉन डन्स्टेबल या इंग्रज संगीतकाराची नोंद बेडफर्डच्या ड्यूकचा संगीतकार अशी आहे, आणि हाच बेडफर्ड फ्रान्समध्ये इंग्रज राजाच्या वतीने कारभार बघत होता. बँश्वा हा दुसरा संगीतकार तर बर्गंडीच्या ड्यूकच्या पदरी होता, ज्याच्या माणसांनी तिला पकडलं. त्याआधी १४२४ मध्ये त्याने इंग्रज सेनापती सफकसाठी गाणं रचलं होतं, आणि या सफकला जोनच्याच सैन्याने जून १४२९ मध्ये जार्जो इथे कैद केलं.

बँश्वाचं 'द प्लू आं प्लू' ऐका, प्रेमाचं गाणं आहे, आणि डन्स्टेबलचं 'क्वाम पुल्क्रा एस'. दोन्ही छोटी आहेत आणि सहज सापडतात. जोनच्या कानावर यातलं काही पडलं असेल असं नाही, तिच्या वाट्याला गावच्या चर्चमधली प्रार्थना, मुलांची गाणी आणि घंटा. ती बाजू ऐकायची तर ओनेगेरच्या शेवटच्या प्रवेशांतली गावाकडची मुलांची गाणी ऐका, आणि हे दोन्ही एकाच संध्याकाळी ऐका.