छोटीची उद्देशिका आणि रविवारची दीक्षाभूमी

जय भीम बेटा,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, अर्धा तर ट्रॅफिकचाच आवाज होता पण मुद्दा कळला. छोटी चौथीत, २६ नोव्हेंबरला शाळेत स्टेजवर एकटीने संविधानाची उद्देशिका म्हणायची आहे, रोज मधेच कुठेतरी अडते, आणि त्याआधीच्या रविवारी तुम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीला जाताय तर मम्मीचं म्हणणं की तिथेच स्तूपासमोर तिला उभं करू, म्हणायला लावू, व्हिडिओ काढू, प्रॅक्टिस पण होईल आणि स्टेटसला पण टाकता येईल. तर पहिलं काम, तो व्हिडिओ कॅन्सल कर. बाईंनी नाही म्हटलं असं सांग, मम्मी माझ्यावर चिडल्या तर चालेल मला.

आता ती का अडते ते बघ. उद्देशिका हे सगळं मिळून एकच वाक्य आहे, आपण मोठी माणसं पण एका दमात म्हणू शकत नाही, आणि पोरं सुरुवातीपासून पाठ करतात म्हणजे पहिल्या दोन ओळी शंभरदा होतात आणि शेवट कच्चाच राहतो. म्हणून तू शेवटाकडून सुरू कर. आधी फक्त "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत" एवढंच, मग त्याच्या मागचा तुकडा जोडायचा, मग त्याच्या मागचा. असं केलं की जसजशी ती पुढे जाते तसतसं ओळखीचं येत जातं, भीती कमी होते. आणि एक गंमत तिला दाखव, त्या वाक्यात तीन ठिकाणी "चा" येतो, घडविण्याचा, प्राप्त करून देण्याचा, प्रवर्धित करण्याचा, आणि हे तिन्ही पुढच्या एका "निर्धार"ला जाऊन लागतात. म्हणजे आम्ही तीन गोष्टी करायचं ठरवलंय, बस. हे एकदा पेन्सिलने खुणा करून दाखवलंस ना की श्वास कुठे घ्यायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही, प्रत्येक "चा" नंतर आपोआप थांबते पोरगी. जीभ वळत नाही ती जागा म्हणजे "एकता आणि एकात्मता", ती भांडी घासताना, वेणी घालताना, कधीपण म्हणून घे. आणि १९४९ तिला मोठ्याने वाचायला लाव, पुष्कळ पोरं तिथे "एकोणीसशे" म्हणून गप्प उभी राहतात कारण एकोणपन्नास तोंडात बसलेलं नसतं.

अजून एक. घरी आजोबांची जुनी संविधानाची प्रत असेल आणि त्यावरून कोणी तिला दुरुस्त करत असेल तर थांबव. समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेत, जुन्या प्रतीत ते नसणारच. पुस्तकात आहे तसंच तिला म्हणू दे, हा इतिहास नंतर सांगता येईल.

आता रविवारचं. दीक्षाभूमीला गेल्यावर तिच्या उद्देशिकेचं नाव पण काढू नका कोणी. तो स्तूप आतून पोकळ आहे, घुमटाखाली साधं बोललं तरी आवाज फिरून येतो, कोणतंही पोर तिथे हळूच "ओ" करून बघतंच, तिला पण करू दे, लगेच डोळे वटारू नका. बोधिवृक्षाखाली बसवा थोडा वेळ. बौद्ध भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचं ते झाड आहे, हे तिला आवडेल, झाड विमानाने आलं का बोटीने असं विचारेल बघ. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत तिथे ती स्वतः वाचायला लागली तर वाचू दे, नाही लागली तर राहू दे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते सगळं तू सांगू नकोस, तू लगेच बी.एड.च्या मोडमध्ये जातोस. ते आजीला सांगू दे. तुझे पणजोबा त्या दिवशी तिथे होते ना, मग ते घरातल्या माणसाच्या तोंडूनच ऐकायला पाहिजे.

आणि तिने स्वतःहून विचारलं की माझ्या उद्देशिकेचा आणि इथला काय संबंध, तर मात्र टाळू नकोस. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेब बोलले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली. तिच्या भाषेत एका वाक्यात सांग आणि थांब. विचारलं नाही तर काही बिघडत नाही, ती नऊ वर्षांची आहे.

नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर त्याच दिवशी करायचं का, असं विचारलंस. मला विचारशील तर नको. सुंदर आहे, चंदनाची बुद्धमूर्ती, मोठा बगीचा, सगळं खरं, पण तिथे आत शांत बसावं लागतं आणि दिवसभर फिरून दमलेलं पोर चार वाजता शांत बसत नाही, मग मोठे चिडतात आणि सगळ्या दिवसावर पाणी. पुढच्या वेळी फक्त तेवढंच करा.

स्टेजच्या दिवशी तू पहिल्या रांगेत बसू नकोस आणि मम्मीला पण बसू देऊ नकोस. मागच्या एका प्रोग्रॅममध्ये बघितलं, एक पोरगा "प्रवर्धित"ला थांबला, त्याला आठवलं असतं दोन सेकंदात, पण समोरून आई-पप्पा-काकू तिघं ओठ हलवायला लागले, तिघांचे ओठ वेगवेगळे, तो बिचारा एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला आणि मग रडलाच. अडली तर अडू दे, मागच्या "चा" पासून परत सुरू करायचं एवढं तिला आधीच सांगून ठेव आणि घरी दोनदा मुद्दाम अडवून तशी सवय करून घे. माइक तिच्या उंचीला आणायला सांग कोणाला तरी, शाळेत हे हमखास विसरतात आणि पोरं टाचा उंच करून म्हणत राहतात.

बाकी तुझ्या लेसन नोटचं काय झालं? सोमवारी पाठवतो म्हणाला होतास.

तुझ्या बाई